गावाचा आराखडा, जिल्ह्याचा निधी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीने विकास आराखड्यात ६३ कामे घातली. वर्ष संपताना झाली पाच. उरलेल्या कामांसाठी लोक रोज विचारतात. प्राधान्य ठरवायचे कसे? (एक सरपंच)

६३ कामे लिहिली तेव्हा हातात किती पैसे येणार, हा हिशोब बहुधा झालाच नव्हता. आराखड्याची सुरुवात कामांच्या यादीने न करता निधीच्या अंदाजाने करा. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळातील नियम उदाहरणासाठी घेऊ. महाराष्ट्रात त्या अनुदानाचा ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींना आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला मिळे. ग्रामपंचायतीच्या वाट्यातले ६० टक्के बंधित: निम्मे पिण्याचे पाणी, पावसाचे पाणी साठवणे आणि पुनर्वापर यांसाठी, निम्मे स्वच्छतेसाठी. अबंधित फक्त ४० टक्के, आणि त्यातूनही पगार व आस्थापनेचा खर्च चालत नसे.

समजा तुमच्या गावाला वर्षाला दहा लाख येणार. तीन लाख पाण्याला, तीन लाख स्वच्छतेला बांधलेले. रस्ता, दिवे, शाळेची दुरुस्ती, अंगणवाडी, बाजार ही सगळी कामे उरलेल्या चार लाखांत. तुमच्या ६३ कामांतली बहुतेक कामे गल्लीतले काँक्रीट, सभामंडप आणि प्रवेशद्वाराची कमान अशी असतील, तर ती सगळी त्या चार लाखांच्या दारात रांग लावून उभी आहेत. पाण्याचे बंधित पैसे मात्र योग्य काम आराखड्यात नाही म्हणून पडून राहतात. सोळाव्या आयोगाचा काळ १ एप्रिल २०२६ पासूनचा. त्याची वाटणी त्याच्या शासन निर्णयावरून तपासा, पण हिशोबाची पद्धत हीच ठेवा.

स्वनिधीचे, म्हणजे ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या कर-भाड्याच्या उत्पन्नाचेही तसेच. १५ टक्के मागासवर्गीय कल्याण, १० टक्के महिला व बालकल्याण, ५ टक्के दिव्यांग हे आधी बाजूला काढा, मग उरलेल्या रकमेवर कामे बसवा. मार्चमध्ये घाईघाईने सतरंज्या आणि खुर्च्या खरेदी करून हा खर्च दाखवण्याची सवय पुष्कळ ठिकाणी आहे. लेखापरीक्षणात तीच आक्षेपाला कारण होते.

आता प्राधान्य. प्रत्येक कामाला विचारा: ते नसल्यामुळे वर्षातले किती दिवस काय थांबते? किती कुटुंबांचे थांबते? त्याच्यावर दुसरे कोणते काम अवलंबून आहे? पाच वर्षांनी त्याची दुरुस्ती कोणाच्या पैशातून होणार? गावाबाहेरच्या ओढ्यावरच्या मोरीचेच पाहा. ६०० मिलिमीटरचा एकच पाइप, तोही गाळाने अर्धा भरलेला. पावसाळ्यात पाणी रस्त्यावरून जाते, दुधाची गाडी पलीकडे अडते आणि संकलन केंद्रावर उशिरा पोचलेले दूध नासले म्हणून परत येते. ही मोरी नीट बांधायला जो खर्च येईल, त्यात कदाचित गावातला ३०० मीटर काँक्रीट रस्ता होईल. काँक्रीट रोज दिसते, मोरी कोणाच्या नजरेत भरत नाही. तरी आमचे मत स्पष्ट आहे: उत्पन्न अडवणारा अडथळा आधी काढा. पाइप किती मोठा आणि किती, हे अभियंत्याला ठरवू द्या, फक्त पुराचे पाणी कुठवर चढते ती खूण त्याला जागेवर नेऊन दाखवा. ही माहिती त्याच्या कागदांत नसते.

आराखड्यात दहा-बारा कामेच ठेवा. बाकीची स्वतंत्र प्रतीक्षा यादीत क्रमाने लिहा आणि ती यादीही ग्रामसभेत वाचून दाखवा. ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी संकेतस्थळावर आराखडा चढताना कामाचे नाव आणि ठिकाण नेमके असू द्या. 'गावअंतर्गत रस्ता' असे मोघम लिहिले की पुढे देयकाच्या वेळी वाद होतो. देयक ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, आणि सरपंच अशा दोघांच्या डिजिटल स्वाक्षरीने निघते. आराखड्यात नसलेल्या कामाचे पैसे काढता येत नाहीत.

प्रश्न : दोन गावांना जोडणारा आमचा रस्ता जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून व्हावा म्हणून तीन वेळा ठराव दिला. दर वेळी 'रस्त्याला क्रमांक नाही' असे उत्तर येते. (ग्रामपंचायत सदस्य)

उत्तर बरोबर आहे, तुमच्यापर्यंत ते अर्धवट पोचले एवढेच. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. जिल्हा परिषदेला तीस-चोपन्न (३०५४) आणि पन्नास-चोपन्न (५०५४) या लेखाशीर्षांतून, म्हणजे अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या खात्यांतून, मिळणारा पैसा रस्ते विकास आराखड्यात ग्रा.मा. किंवा इ.जि.मा. असा क्रमांक असलेल्या रस्त्यावरच खर्च होतो. तुमचा रस्ता कागदावर अजून पाणंद किंवा वहिवाटीची वाट असणार.

म्हणून चौथा ठराव निधी मागण्यासाठी करू नका. रस्ता आराखड्यात घेऊन त्याला क्रमांक द्यावा, अशी मागणी करा. ठरावात लांबी किलोमीटरमध्ये, सुरुवात आणि शेवट कुठे, कोणत्या गटांतून जातो, वाटेत शाळा, आरोग्य केंद्र किंवा बाजार कोणता, दोन्ही गावांची लोकसंख्या किती, हे सगळे लिहा. गावनकाशाची प्रत जोडा. दोन्ही ग्रामपंचायतींचे ठराव एकाच मजकुराचे हवेत. लांबी किंवा गट क्रमांक जुळले नाहीत की फाइल परत येते.

त्यासोबत जागेचा प्रश्न मिटवा. वाट जिथे खासगी शेतातून जाते तिथे तोंडी होकार कामाचा नाही. शेतकऱ्याचे भाऊ किंवा बहिणी सातबाऱ्यावर असतील तर सगळ्यांची लेखी संमती घ्या, मोजणी करून घ्या आणि शक्य असेल तर बक्षीसपत्र नोंदवा. ही संमती नसली की कार्यारंभ आदेश निघाल्यावर शेताच्या बांधापाशी काम थांबते आणि मंजूर निधी दुसऱ्या गावाकडे वळतो.

प्रश्न : सिमेंट काँक्रीटचा रस्ता दोन वर्षांत उखडला. ठेकेदार म्हणतो पाइपलाइनसाठी खोदल्यामुळे. दोष कोणाचा? (एक वाचक)

बहुतेक वेळा दोष कामांच्या क्रमाचा असतो. जमिनीखालची कामे आधी: पाण्याची मुख्य वाहिनी, घरोघरच्या जोडण्यांसाठी रस्त्याखालून आडवे पाइप, सांडपाण्याची गटारे. मग रस्ता. हे आराखड्यात एकाच गल्लीसाठी एकाखाली एक लिहिलेले असेल तर चुकत नाही. वेगवेगळ्या योजनांतून वेगवेगळ्या वर्षी आले की चुकते. शिवाय बाजूला गटार नसले तर पाणी काँक्रीटच्या कडेखाली शिरते, खालचा मुरूम वाहून जातो आणि कड तुटते.

काम चालू असताना गावकऱ्यांनी पाहण्याच्या गोष्टी थोड्या आहेत. अंदाजपत्रकाची प्रत मागून घ्या. त्यात लिहिलेली जाडी कडेलाही आहे का, ते टेपने पाहा. मधे जाडी भरते, कडेला ती कमी केलेली असते. सांधे साधारण चार मीटरवर आणि काँक्रीट घट्ट झाल्यावर एका दिवसाच्या आत कापले गेले पाहिजेत, नाहीतर काँक्रीट आपल्या मनाने तडकते. किमान १४ दिवस पाणी मारणे आवश्यक आहे. पोती किंवा वाळूचे आळे न करता नुसते सकाळ-संध्याकाळ शिंपडलेले पाणी उन्हात तासाभरात उडून जाते. त्याच काँक्रीटचे १५ सेंटिमीटरचे ठोकळे गावासमोर भरून घ्या आणि ७ व २८ दिवसांच्या मजबुतीच्या चाचणीचे अहवाल देयकाआधी मागा.

प्रश्न : उत्पन्न वाढावे म्हणून ग्रामपंचायत कर्ज काढून दहा गाळे बांधणार आहे. विचार योग्य आहे का? (उपसरपंच)

जिल्हा ग्रामविकास निधीतून असे कर्ज मिळते. हा निधी ग्रामपंचायतींच्याच वर्गणीतून, उत्पन्नाच्या ०.२५ टक्के दराने, उभा राहतो. पण कर्ज मिळते म्हणून गाळे चालतील असे नाही. आकडे मांडा. समजा एक गाळा चार लाखांचा, म्हणजे एकूण ४० लाख. भाडे महिना २,००० रुपये. दहा गाळ्यांचे वर्षाचे २ लाख ४० हजार. दोन गाळे रिकामे धरले तर १ लाख ९२ हजार. व्याज ६ टक्के धरले तरी पहिल्या वर्षाचे व्याजच २ लाख ४० हजार होते. मुद्दल तर दूरच, व्याजही भाड्यातून निघत नाही.

तेव्हा आधी अनामत आणि मागणी तपासा. किती दुकानदार लेखी मागणी आणि अनामत द्यायला तयार आहेत? त्यांतले किती सध्या रस्त्याच्या कडेला भाड्याने आहेत? मागणी चार-पाच जणांपलीकडे जात नसेल, तर गाळ्यांऐवजी आठवडी बाजाराच्या जागेवर पक्के ओटे, वर पत्र्याचे छत, पाणी, दिवे आणि बायकांसाठी स्वच्छतागृह करा. खर्च कमी, बाजार वसुलीचा लिलाव जास्त रकमेला जातो, आणि भाजी विकणाऱ्या बायांना उन्हापावसात जागा मिळते. गाळेच करायचे असतील तर भाडे दर तीन वर्षांनी वाढेल असे करारातच लिहा आणि भाडेपट्ट्याला जिल्हा परिषदेची मान्यता लागते का ते आधी विचारून घ्या. वीस वर्षांपूर्वीच्या भाड्यावर अडकलेले गाळे हे कितीतरी गावांचे दुखणे आहे.

उत्पन्नाचा जवळचा मार्ग मात्र घरपट्टीच्या नोंदवहीत आहे. नमुना ८ ची आकारणी दर चार वर्षांनी सुधारायची असते. नवी बांधकामे, मजले आणि दुकाने त्यात चढवली, तर कर्ज न काढताही मागणी वाढते.

प्रश्न : आसपासच्या सात गावांना मिळून धान्य साठवणुकीचे गोदाम आणि त्याला जोडणारा रस्ता हवा आहे. एका गावाच्या आराखड्यात तो बसत नाही. (शेतकरी उत्पादक कंपनीचे संचालक)

संविधानाच्या कलम २४३ छ प्रमाणे आर्थिक विकासाचे नियोजन हे पंचायतींचेच काम आहे, आणि २४३ य घ प्रमाणे ग्रामीण व नागरी आराखडे एकत्र करण्याचे काम जिल्हा नियोजन समितीचे. समितीचे अध्यक्ष पालकमंत्री आणि सदस्य सचिव जिल्हाधिकारी. अशी सामायिक गरज पंचायत समितीच्या आराखड्यातून वर न्यावी लागते.

सातही ग्रामपंचायतींचे ठराव, प्रत्येक गावाचे पीकनिहाय उत्पादन, हंगामात शेतकरी किती माल लगेच विकतात आणि किती थांबवू शकतात, जवळचे सध्याचे गोदाम किती किलोमीटरवर आणि ते हंगामात भरते का, एवढे एका पानावर आणा. गोदामाची क्षमता मागणीपेक्षा फुगवू नका. ५०० टनांची मागणी असताना २,००० टनांचा प्रस्ताव दिला, की तपासणीत सगळीच आकडेवारी संशयास्पद ठरते. जागा एका ग्रामपंचायतीच्या नावावर निश्चित झाल्याशिवाय प्रस्ताव देऊ नका. गायरान असेल तर परवानगी वेगळी लागते आणि तिला वेळ लागतो.

वेळेचे भान ठेवा. जिल्ह्याचा पुढच्या वर्षाचा प्रारूप आराखडा हिवाळ्यात ठरतो. प्रस्ताव दिवाळीपूर्वी पंचायत समितीत पोचला नाही तर वर्ष गेले समजा.

रस्त्यासाठी जिल्हा परिषदेत एक प्रश्न हमखास विचारा: या लेखाशीर्षावर दायित्व किती आहे? दायित्व म्हणजे आधीच्या मंजूर कामांचे अजून द्यायचे पैसे. नियोजन करताना पुढच्या वर्षाच्या निधीतून दायित्व वजा करतात आणि उरलेल्याच्या दीडपट रकमेची नवी कामे घेतात. निधी १२ कोटी, दायित्व ६ कोटी, तर नवी कामे ९ कोटींची. दायित्व १० कोटी असेल तर केवळ ३ कोटींची. दायित्व फार असलेल्या लेखाशीर्षाच्या मागे धावण्यापेक्षा दुसरे लेखाशीर्ष शोधलेले बरे. यादीत नाव आल्यावरही प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश हे टप्पे राहतात. दर महिन्याला फाइल कोणत्या टप्प्यावर आहे ते लेखी विचारत राहा.

प्रश्न : महिला सभेत आम्ही सुचवलेली कामे ग्रामसभेच्या आराखड्यात येतच नाहीत. (बचत गटाच्या सदस्या)

महिला सभा ग्रामसभेच्या आधी होते, तेव्हा तिथला ठराव इतिवृत्तात लिहून घ्या आणि सह्या झाल्यावर त्याची प्रत मागा. ग्रामसभेत तो ठराव वाचावा, असे अध्यक्षांना सांगा. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी कमी असेल ती. गटातल्या सगळ्या जणी हजर राहिल्या तर तुमची संख्या निर्णायक ठरते. त्यानंतर ई-ग्रामस्वराजवर आराखडा उघडून पाहा. तो कोणालाही पाहता येतो. काम तिथे नसेल तर ठरावाची प्रत जोडून गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या.

प्रश्न : नळयोजना झाली, पण वीजबिल थकल्याने ती बंद पडते. पाणीपट्टी किती असावी? (पाणीपुरवठा समिती सदस्य)

हिशोब करून ठरवा. ३०० जोडण्या, १,५०० माणसे, माणशी ५५ लिटर धरले तर रोज ८२,५०० लिटर पाणी. साडेसात अश्वशक्तीचा पंप सहा तास चालला तर रोज सुमारे ४० युनिट, महिना १,२०० युनिट. दर ६ रुपये धरला तर ७,२०० रुपये. पाणी सोडणाऱ्याचे मानधन ८,००० रुपये, टीसीएल (पाणी शुद्ध करण्याची पावडर) हजार लिटरला ५ ग्रॅम म्हणजे महिना साडेबारा किलोच्या आसपास, त्याचे ८०० रुपये, आणि मोटर-व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी दरमहा ४,००० राखीव. एकूण २०,०००. प्रत्येक जोडणीला ६७ रुपये येतात, पण वसुली ७५ टक्केच होणार असेल तर ८९ रुपये हवेत. तुमच्याकडे पट्टी ३० रुपये असेल, तर योजना बंद पडण्याचे कारण मोटरमध्ये शोधू नका. तुमच्या बिलावरचे खरे आकडे घालून हाच तक्ता ग्रामसभेच्या फळ्यावर मांडा आणि पाणीपट्टीचा ठराव त्याच सभेत घ्या.