क्रिंप केलेल्या ड्यूपाँट पिनमधून वायर निसटते, काय चुकत असावे?

ड्यूपाँट पिन (इलेक्ट्रॉनिक्समधील जोडणीच्या वायरच्या टोकाला बसवायची धातूची छोटी पिन) क्रिंप केल्यावर, म्हणजे तिचे पंख दाबून वायरवर आवळल्यावरही, हलक्या ओढीने वायर पिनबाहेर येते, असे आपण लिहिले आहे. यात दोष बहुधा हाताच्या जोराचा नसून वायर सोलण्याच्या लांबीचा असतो. पिनच्या मागच्या भागात पंखांच्या दोन जोड्या असतात. टोकाकडची जोडी उघड्या तांब्याच्या तारांना घट्ट आवळते आणि शेवटची, थोडी उंच जोडी प्लास्टिकच्या आवरणाला धरते, जेणेकरून ओढीचा ताण तारांवर येऊ नये. आवरण जास्त पुढे सरकले, तर टोकाकडचे पंख तांब्याऐवजी प्लास्टिकच आवळतात आणि जोड दिसायला ठीक पण वीजवहनाला बेभरवशाचा होतो. उलट आवरण जास्त काढले, तर शेवटच्या जोडीला ते धरता येत नाही आणि वायर निसटते. म्हणून साधारण २ ते ३ मिमी एवढेच आवरण काढावे आणि सोलताना एकही तार तुटू देऊ नये.

साध्या पक्कडीने पंख फक्त चपटे होतात. रॅचेट (पूर्ण दाब बसेपर्यंत हँडल उघडू न देणारी दातेरी रचना) असलेल्या क्रिंपिंग प्लायरचा साचा मात्र त्यांना आत वळवून तारांमध्ये रुतवतो. जोड आडवा कापून पाहिल्यास इंग्रजी 'बी' अक्षरासारखा आकार दिसतो. रॅचेटच्या एकदोन टिकटिकींपर्यंतच हँडल दाबून पिन साच्यात अडकवावी, मग वायर सरकवून पूर्ण दाब द्यावा. पहिल्या दहा-बारा पिना वाया जातात, हे गृहीतच धरावे (माझ्या तर त्याहून अधिक गेल्या). जोडावर वरून सोल्डर (वितळवून जोड देण्याचा मिश्रधातू) ओतण्याचा मोह टाळावा, कारण सोल्डर तारांमध्ये शिरून त्या ताठ होतात आणि वाकवताना नेमक्या तिथेच तुटतात.