मोजायच्या आधी जुळं अक्षर शोधा

खानापूरच्या ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मराठी मीडियम, एबीसीडी पाठ आहे पण मधूनच विचारलं की परत ‘ए’पासून सुरू करावं लागतं, स्पर्धा परीक्षेत कोडिंग-डिकोडिंगच्या (एका शब्दाचा कोड देतात, त्यावरून दुसऱ्याचा काढायचा) पाच प्रश्नांत दोनच बरोबर येतात, आणि ‘बोटं मोजण्यातच वेळ जायलाय’. शेवटचं वाक्य वाचून हसू आलं. निपाणीहून बेळगावला क्लासला जाताना बसमध्ये मी मित्राला अगदी हेच म्हणायचो.

आधीच सांगतो, मी शिक्षक नाही. परीक्षा देऊन देऊन जे कळलं तेवढंच लिहितोय. पॅटर्न दर जाहिरातीला बदलू शकतो, तो जाहिरातीतच बघा. आणि अक्षरं देवनागरीत लिहितोय, कारण तोंडानं आपण ती तशीच म्हणतो.

ईजोटी, म्हणजे अक्षरांचे क्रमांक, ई ५, जे १०, ओ १५, टी २०, वाय २५, हे तुम्हाला येत असणारच. विरुद्ध अक्षरांच्या जोड्याही, म्हणजे ए-झेड, बी-वाय अशा, क्रमांकांची बेरीज २७. नसतील तर जी-टी रोड, इंडियन रेल्वेचे आय-आर, हायस्कूलचे एच-एस आणि आपल्याकडं कर्नाटक पोलिसांचे के-पी, एवढ्यात चार जोड्या झाल्या. बाकीच्या २७ मधून वजा करून काढा. यात मी जास्त जात नाही, कारण माझं नुकसान इथं झालंच नाही.

नुकसान झालं ते असं. रेल्वेची २०१९ च्या जाहिरातीची एनटीपीसी (नॉन-टेक्निकल पदांची भरती परीक्षा), पहिली फेरी, माझा पेपर झाला २०२१ मध्ये. ९० मिनिटांत १०० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. आमच्या क्लासमध्ये (नाव घेत नाही, फी मात्र अजून आठवते) एकच मंत्र होता: ‘कोडिंग म्हणजे हक्काचे मार्क. आलं की सोडायचं नाही.’ मी सोडलं नाही.

नेमका शब्द आता आठवत नाही, त्याच जातीचा बनवून देतो. समजा, गोकाक, म्हणजे जी-ओ-के-ए-के, याचा कोड एल-बी-एल-पी-एच. तर अथणी, म्हणजे ए-टी-एच-ए-एन-आय, याचा कोड काय?

मी शिकवल्याप्रमाणं अक्षराखाली अक्षर लिहून फरक काढायला बसलो. जी ते एल, अधिक ५. ओ ते बी, उणे १३. के ते एल, अधिक १. ए ते पी, अधिक १५. के ते एच, उणे ३. कशाला कशाचा मेळ नाही. मग वाटलं १३ म्हणजे अर्धी एबीसीडी, त्यात काही असेल. मग स्वर वेगळे, व्यंजनं वेगळी करून बघितली. रफ कागदाची एक बाजू भरली. स्क्रीनवरच्या घड्याळाकडं बघितलं तर साडेपाच मिनिटं गेलेली. घाम फुटला. मधल्या अक्षराला अधिक १ दिसत होतं, म्हणून सरळ प्रत्येक अक्षराचं पुढचं अक्षर धरलं. ऑप्शनमध्ये बी-यू-आय-बी-ओ-जे होतंच. टिक केलं.

चूक. पेपर काढणाऱ्यानं ते ऑप्शन माझ्यासारख्यासाठीच ठेवलेलं असतं. शब्द आधी उलटा लिहून मग प्रत्येक अक्षर एक घर पुढं सरकवलेलं होतं. गोकाक उलटा केला की के-ए-के-ओ-जी, एक पुढं की एल-बी-एल-पी-एच. तसंच अथणीचं होतं जे-ओ-बी-आय-यू-बी. पहिली तीन अक्षरं वाचा, ‘जॉब’. माझा तिथंच गेला! एक तृतीयांश मार्क निगेटिव्हचा गेला ते सोडा, शेवटचे नऊ प्रश्न उघडलेच नाहीत, त्यातले चार-पाच साधे असणारच. कटऑफ दोन मार्कांच्या आत हुकला.

आणि याचं जास्त वाईट वाटतं ते एका वेगळ्याच कारणानं. मी पाचवीत असताना कन्नड लिपी शिकलो ती बसच्या पाट्यांवरून. शाळेतलं कन्नडचं पुस्तक डोक्यात जात नव्हतं. पण स्टँडवर उभं राहिलं की कंडक्टर ‘गोकाक, गोकाक’ ओरडायचा आणि समोर पाटी. तीन अक्षरं, त्यातलं दुसरं आणि तिसरं जवळजवळ सारखं, डोक्यावरची खूण तेवढी वेगळी, खालचं अंग तेच. म्हणजे ते ‘क’. झालं! मोजलं नाही, पाठ केलं नाही, जुळं अक्षर कुठं बसलंय ते बघितलं. ‘क’ मिळाल्यावर ‘कागवाड’ची पाटी अर्धी आपोआप वाचता आली. आपल्या सीमाभागातली पोरं शाळेत जायच्या आधीपासून डिकोडिंग करतात हो, क्लासमध्ये गेल्यावर विसरतात.

तेच परीक्षेत करायचं होतं. शब्दात के तिसऱ्या आणि पाचव्या जागी. कोडमध्ये एल पहिल्या आणि तिसऱ्या जागी. जुळं होतं ३-५ ला, गेलं १-३ ला. पाच अक्षरांचा शब्द उलटा केला की असंच होतं, पाचवं पहिल्या जागी येतं, तिसरं तिथंच राहतं. म्हणजे काही मोजायच्या आधीच, दहा सेकंदांत, ‘उलटा आहे’ एवढं कळतं. मग के चा एल झाला, म्हणजे अधिक १. संपलं. आणि विषम संख्येच्या अक्षरांचा शब्द उलटला की मधलं अक्षर हलत नाही, म्हणून फक्त मधलंच अक्षर सरळ हिशोबात बसत असेल तर संशय घ्यायचा. मला तेवढं एकच दिसलं होतं आणि मी त्याचा उलटा अर्थ लावला.

म्हणून माझा आग्रह असा की दोन प्रश्न वेगळे ठेवा. अक्षर बदललंय का, आणि अक्षराची जागा बदललीये का. लहानपणी चची भाषा बोललात ना? ‘मला’चं ‘चलाम’. तिथं पहिलं अक्षर शेवटी जातं, पुढं एक च लागतो, अक्षर मात्र तेच राहतं. परीक्षेतले निम्मे त्रास देणारे प्रश्न या दोन गोष्टी एकत्र करतात आणि आपण फक्त एकीच्या मागं धावतो. जुळं अक्षर नसेल तर? तर शब्दाचं पहिलं अक्षर कोडच्या शेवटच्या अक्षराशी ताडून बघा, एकदाच. तेही नाही जमलं तर पुढचा प्रश्न. माझा नियम एक मिनिट. क्लासवाले काहीही म्हणोत.

एक युक्ती घरच्या सरावासाठी, परीक्षेत वापरू नका, वेळ खाते. शब्दाच्या अक्षरांच्या क्रमांकांची बेरीज करा. गोकाक ४५, त्याचा कोड ५०. फरक ५, अक्षरं ५, म्हणजे सगळी सारखीच सरकली असतील तर प्रत्येकी एकच घर, मग जागा कशाही बदललेल्या असोत. झेडवरून परत ए वर उडी असेल तर हे फसतं. याच नादात मी एकदा बेळगावची बेरीज केली. जुन्या इंग्रजी स्पेलिंगची ६१ येते. १ नोव्हेंबर २०१४ पासूनच्या बेळगावी या नावाची ५९. एक अक्षर वाढलं आणि बेरीज दोननं घटली. यावर इथं राजकारण नको, नुसती गंमत.

‘ए’पासून मोजायच्या सवयीवर माझ्यापुरता उपाय असा झाला: पेपर सुरू होताच रफ कागदावर वरच्या ओळीत ए ते एम, खालच्या ओळीत झेडपासून एनपर्यंत उलट. वर १ ते १३ आकडे. वीस-पंचवीस सेकंद लागतात. खालच्या अक्षराचा क्रमांक हवा असेल तर वरचा आकडा २७ मधून वजा. एच खाली एस, २७ वजा ८, १९. क्लासमध्ये याला ‘कच्च्या पोरांचं काम’ म्हणायचे. म्हणू देत. आणि विरुद्ध अक्षरांची जी ‘आमची सिक्रेट ट्रिक’ तिथं विकतात ती हिब्रू भाषेत अडीच हजार वर्षांपूर्वीपासून आहे, अतबाश म्हणतात तिला. तीन घरं पुढं सरकवणं ज्युलियस सीझरच्या नावावर आहे. फी त्यांना द्यायला हवी होती.

वाक्यांच्या कोडलाही जुळ्याचाच नियम. ‘ऊस गोड आहे’ म्हणजे ‘पा ना तू’ आणि ‘ऊस महाग झाला’ म्हणजे ‘रे पा की’. दोन्हीकडं समान शब्द ऊस, समान कोड पा. बाकीच्यांचा क्रम लावत बसू नका, तो तसा नसतोच.

जाता जाता फॉर्मचं. रेल्वेच्या या परीक्षेला १५ भाषा असतात, त्यात मराठीही आहे. माझा पहिला फॉर्म एका सेवा केंद्रात भरला. पत्ता कर्नाटकचा बघून तिथल्या माणसानं न विचारता कन्नड निवडलं, ‘इथले सगळे तेच घेतात’ म्हणाला. अक्षरं इंग्रजीच असतात हो, पण अट घातलेल्या कोडिंगमध्ये ‘पहिलं अक्षर स्वर असेल तर’ वगैरे नियम त्या भाषेत वाचावे लागतात. मला कन्नड येतं, पण ५४ सेकंदांत येत नाही. नंतर विचारायला गेलो तर ‘सबमिट झालंय, आता काही होत नाही’ म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला. सबमिटच्या आधी भाषेचा रकाना स्वतःच्या डोळ्यांनी बघा, एवढंच.

क्लास लावू का, असं शेवटी विचारलंय. गणितासाठी लावा वाटलं तर. फक्त यासाठी बेळगावला रोज येऊन-जाऊन दिवस घालवू नका, जुने पेपर पुरतात. हे माझं मत, दुसऱ्याचं वेगळं असेल.

आता हे करून बघा, कागदावर फरक न मांडता. तुमचं खानापूर, के-एच-ए-एन-ए-पी-यू-आर, याचा कोड टी-डब्ल्यू-आर-सी-पी-सी-जे-एम. तर माझ्या निपाणीचा काय? स्पेलिंगमध्ये दोन पी धरा. उत्तर आणि किती सेकंद लागले ते खाली लिहा, मी रात्री जेवणानंतर बघतो.