लिफ्टचा दरवाजा बंद होता होता परत उघडतो, मेंटेनन्सवाला डोअर ड्राइव्ह (दरवाजा चालवणारी मोटर आणि तिचं नियंत्रण) बदला म्हणतो. बदलावा का?

आधी सांगा, सगळ्या मजल्यांवर होतं की एकाच? तुम्ही ते लिहिलंच नाहीये, आणि तुमच्या मेंटेनन्सवाल्यानेही बहुतेक विचारलं नसणार. एकाच मजल्यावर होत असेल तर ड्राइव्ह निर्दोष आहे. तो कारच्या, म्हणजे लिफ्टच्या केबिनच्या, टपावर बसून सगळ्या मजल्यांवर फिरतो, मग एकाच मजल्यावर कशाला रुसेल?

एवढ्या ठसक्यात सांगतोय, कारण याच मुद्द्यावर माझं साहेबांशी वाजलं होतं. तक्रार हुबेहूब तुमचीच, फक्त चौथ्या मजल्यावर. चार बोटं उरेपर्यंत दरवाजा छान यायचा, अडखळायचा, उघडायचा. साहेबांनी फोनवरच निदान करून नवा ड्राइव्ह पाठवला. मी बसवला, लर्निंग केलं (म्हणजे दरवाजा एकदा उघडबंद करून ड्राइव्हला त्याची चाल शिकवली), चौथ्यावर गेलो. तेच! साहेब म्हणाले, "क्लोजिंग टॉर्क, म्हणजे बंद करायचा जोर, वाढव, रेटून बंद होईल."

इथे माझं डोकं फिरलं. बंद होणारा दरवाजा अडवायला १५० न्यूटनपेक्षा जास्त जोर लागता कामा नये, असं ईएन ८१-२० हे लिफ्टच्या सुरक्षेचं युरोपीय मानक सांगतं. म्हणजे साधारण १५ किलोचा रेटा. काही आडवं आलं की मोटरचा करंट चढतो, ड्राइव्ह ते ओळखून दरवाजा उघडतो. तो बिचारा इमानेइतबारे काम करत होता आणि आम्ही त्यालाच बहिरा करायला निघालो होतो. मी नाही म्हटलं. मग "तू मला शिकवणार?" वगैरे झालं.

कार इन्स्पेक्शनवर (टपावरून हळू चालवायच्या मोडवर) घेऊन टप चौथ्याच्या पातळीला आणला, लॉक हाताने सोडवलं, लँडिंगचा, म्हणजे मजल्यावरचा, दरवाजा उघडून सोडून दिला. तो त्याला जोडलेल्या वजनाने किंवा स्प्रिंगने आपोआप मिटायला हवा. चार बोटांवर थांबला. खाली टॉर्च मारला तर दरवाजाचा शू (खालच्या खाचेत सरकणारा तुकडा) झिजून आतली पत्र्याची पट्टी उघडी पडलेली आणि सिलच्या, म्हणजे उंबरठ्याच्या, खाचेत बोटभर लांब चकचकीत ओरखडा. तिथेच खाचेची कड आत दबलेली. कुणीतरी जड कपाट टेकवलं असणार. कड सरळ केली, शू बदलले, खाच साफ केली, जुनाच ड्राइव्ह परत लावून लर्निंग केलं. दरवाजा गपचूप मिटला.

सगळ्या मजल्यांवर होत असेल तर कारच्या दरवाजाकडे या. लाइट कर्टनवरची (दारात काही आडवं आहे का ते पाहणाऱ्या प्रकाशकिरणांच्या सेन्सरवरची) धूळ, सैल बेल्ट, चपटे पडलेले हँगर रोलर (दरवाजा ज्यांवर लटकून ट्रॅकवर धावतो ते), ट्रॅकला घासेल इतका कसलेला खालचा रोलर. ट्रॅकला ग्रीस फासणाऱ्याला तर मी दारातही उभा करणार नाही, त्यात धूळ कालवली जाऊन रोलर खाल्ले जातात. हे सगळं ठीक निघालं तरच ड्राइव्ह. तेही जातात, नाही असं नाही, मीही बदललेत. उंच इमारतीत कधी शाफ्टमधल्या हवेचा दाबही दरवाजा अडवतो.

आणि हो, यातलं काहीही स्वतः करू नका. लँडिंगचा दरवाजा चावीने उघडून, पलीकडे कार असेलच असं धरून पाय टाकणारे जिवाला मुकलेत. दरवाजा नीट बंद नसला तरी चालावी म्हणून लॉकच्या कॉन्टॅक्टला (सुरक्षेच्या स्विचला) तार मारून कुणी लिफ्ट चालवत असेल तर तिथल्या तिथे बंद करायला लावा. मेंटेनन्सवाल्याला एवढंच म्हणा, प्रत्येक मजल्याचा दरवाजा हाताने सोडून दाखव, मग ड्राइव्हचं बोलू.

साहेबांनी रिपोर्टात लिहिलं, "ड्राइव्ह ॲडजस्ट केला." तो नवा ड्राइव्ह आमच्या स्टोअरमध्ये अजून खोक्यासकट पडून आहे.