भाऊ नागपूरला आयोडीन थेरपीच्या वॉर्डात कामाला आहे, टीएलडी बॅज (रेडिएशन मोजणारा बिल्ला) लावते, मग आयोडीन अंगात गेलं तर बॅजमधे कळते का?

नाही दादा, बॅजमधे ते कळत नाही, बॅज फक्त बाहेरून पडलेलं रेडिएशन मोजते. मी याच कामात टेक्नॉलॉजिस्ट आहे. आयोडीन-१३१ ची, म्हणजे थेरपीतल्या किरणोत्सारी आयोडीनची, वाफ श्वासातून आत गेली की थायरॉईडमधे जाऊन बसते, म्हणून गळ्यासमोर अपटेक प्रोब (थायरॉईडमधलं रेडिएशन मोजायचं यंत्र) लावून मोजावं लागते, पाच-दहा मिनिटांचं काम आहे, दुखत नाही काही. अर्धायुष्य ८ दिवसांचं, म्हणजे दर ८ दिवसांनी ते अर्धं होते, त्यामुळे शुक्रवारी डोस हाताळून तो दारव्ह्याला घरी आला अन् सोमवारी मोजलं तरी सापडते, पण महिना-दोन महिन्यांनी मोजून उपयोग नाही, हे त्याला नक्की सांगा. फक्त मोजायच्या आधी एप्रन बदलून मान धुवायला लावा, कॉलरला थेंब लागला असन तर तोच थायरॉईडचा आकडा म्हणून दिसते.