ख्रिस्ती कुटुंबं हॅलोविन पाळतात का? शेजाऱ्यांच्या दारातला दिवा बंद का असतो?

तुम्ही डॅलसजवळ राहायला आलात. शेजारचं कुटुंब दर रविवारी चर्चला जातं, पण गेल्या ३१ ऑक्टोबरला, म्हणजे हॅलोविनच्या संध्याकाळी मुलं वेष करून दारोदार चॉकलेटं मागत फिरतात तेव्हा, त्यांनी दारातला दिवा मालवला होता. कोपऱ्यावरच्या चर्चच्या आवारात मात्र त्याच आठवड्यात मुलांना चॉकलेटं वाटत होते. मग ख्रिस्ती लोक हॅलोविन मानतात की नाही, आणि मुलीनं शेजाऱ्यांची बेल वाजवली तर त्यांना वाईट वाटेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी नगरची मराठी ख्रिस्ती, चौदा वर्षांपासून टेक्ससमध्ये आहे. हा प्रश्न आमच्या घरातही बरीच वर्षं होता.

सगळ्या ख्रिस्ती लोकांचं यावर एकमत नाही, आणि तसं ते कधी होईल असंही मला वाटत नाही. शेजाऱ्यांसारखी कुटुंबं बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या १८व्या अध्यायाकडे बोट दाखवतात. तिथे जादूटोणा आणि मेलेल्यांना प्रश्न विचारणं साफ मना केलंय. चेटकिणीचा पोशाख, अंगणात लावलेल्या कबरी, दाराला टांगलेले सांगाडे हे त्यांना खेळातही नको असतं. माझ्या आईला मी आमच्या गल्लीचा फोटो पाठवला, तर तिनं फोनवर पहिलं वाक्य उच्चारलं, "लेकरांच्या वाटेवर हाडं कशाला मांडलीत गं?" ती नगरच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चच्या समाजात वाढलेली. तिच्या लेखी मरणाची चेष्टा करायची नसते. मला ते आजही पटतं.

गंमत अशी, की सणाचं नावच चर्चमधून आलंय. 'हॅलो' (hallow) हा संतांसाठीचा जुना इंग्रजी शब्द. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस, त्याची आदली संध्याकाळ म्हणजे हॅलोविन. आठव्या शतकात पोप तिसरे ग्रेगरी यांनी रोममध्ये सर्व संतांच्या नावानं एक प्रार्थनास्थळ अर्पण केलं, पुढच्या शतकात हा दिवस सगळीकडे पसरला. २ नोव्हेंबरला सगळ्या मृतांसाठी प्रार्थना होते. तुम्हाला सर्वपित्री अमावस्या माहीत असेलच, तिच्या जवळ जाणारी ही भावना आहे. इंग्लंडात पूर्वी गरीब माणसं आणि मुलं दारोदार फिरून मृतांसाठी प्रार्थना म्हणायची आणि घरातले लोक त्यांना छोटे गोड केक द्यायचे. याच दिवसांत आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये सुगी संपून हिवाळा सुरू होण्याचा त्याहून जुना सण होता. तिथून स्थलांतर करून आलेल्या लोकांबरोबर हे सगळं एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत आलं.

म्हणून कॅथलिक घरांत बहुधा एवढा ताण नसतो. माझी वसईची मैत्रीण इथल्या कॅथलिक चर्चला जाते. १ नोव्हेंबरच्या सुमारास तिथली मुलं संतांचे पोशाख करून येतात. तिच्या मुलानं एका वर्षी तपकिरी झगा घातला, कमरेला दोर बांधला आणि गोन्सालो गार्सिया झाला. हे वसईत जन्मलेले, फ्रान्सिस्कन या कॅथलिक संन्यासी संघातले बंधू. १५९७मध्ये जपानात नागासाकीला त्यांना क्रुसावर मारलं आणि १८६२मध्ये त्यांना संतपद मिळालं. अमेरिकन मुलांनी नाव ऐकलं नव्हतं, तेव्हा त्या आठ वर्षांच्या पोरानं सगळी गोष्ट सांगितली. मला त्याचं फार कौतुक वाटलं.

आमच्यासारख्या प्रॉटेस्टंट लोकांसाठी ३१ ऑक्टोबरला आणखी एक अर्थ आहे. १५१७मध्ये याच दिवशी मार्टिन ल्यूथर या जर्मन धर्मगुरूनं विटेनबर्गमध्ये चर्चच्या कारभारावर टीका करणारे आपले ९५ मुद्दे मांडले, आणि त्यातूनच पुढे प्रॉटेस्टंट पंथ उभा राहिला. त्यामुळे काही मंडळ्या त्याची आठवण ठेवतात. बऱ्याच मंडळ्या सुगीच्या सणाच्या नावाखाली मुलांना बोलावतात. तुम्ही पाहिलंत तेही तसंच: लोक गाड्यांच्या डिक्या सजवून पार्किंगमध्ये उभ्या करतात, मुलं एकेका डिकीपाशी जाऊन चॉकलेट घेतात. तिथे कुणीही जाऊ शकतं, मुलीला खुशाल न्या. भीतिदायक पोशाख मात्र नको. चॉकलेटाबरोबर येशूविषयीचं पत्रक मिळेल, ते वाचायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा.

पहिल्या वर्षी आम्हीही दिवा मालवला, पडदे ओढले आणि मागच्या खोलीत बसलो. बाहेर मुलांची पावलं वाजत होती. माझी सहा वर्षांची मुलगी हळूच म्हणाली, "आई, आपण का लपलोय?" मला उत्तर देता आलं नाही. एरवी या गल्लीत कुणी कुणाचं दार वाजवत नाही, वर्षातून एकदाच लोक येतात आणि आम्ही अंधारात बसलो होतो. पुढच्या वर्षी दारासमोर टेबल मांडलं, शेंगदाणे नसलेली चॉकलेटं ठेवली आणि दिवा लावला. भुतं, सांगाडे अजूनही आमच्या घरावर नसतात. त्या संध्याकाळी पलीकडच्या घरात एकट्या राहणाऱ्या आजी काठी टेकत आल्या आणि अर्धा तास गप्पा मारून गेल्या.

तरीही दिवा मालवणारे चुकतात असं मी म्हणणार नाही. मूर्तीला वाहिलेलं अन्न खावं की नाही यावर पहिल्या शतकात ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीत वाद झाला, तेव्हा येशूचा प्रेषित पौल यानं दुसऱ्याच्या विवेकाला धक्का लागू देऊ नका असं लिहिलं. म्हणून त्या रात्री बंद दिव्याचं दार वाजवू नका. इथली रीतही तीच आहे. शेजाऱ्यांचा राग नसतो, पण मुलीला रिकाम्या हातानं परत पाठवणं त्यांनाही जड जाईल.

दिवाळीत मात्र त्यांच्याकडे जरूर जा. नगरला आमच्या शेजारच्या काकू फराळ झाला, की नैवेद्य दाखवण्याआधी आमचा डबा वेगळा काढायच्या. आईनं त्यांना तसं कधी सांगितलं नव्हतं.