बाळाला इन्फेक्शन माझ्या हातामुळे झालं का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. २९व्या आठवड्यात जन्मलेलं ११०० ग्रॅमचं बाळ, श्वासाचा त्रास मागे पडला, व्हेंटिलेटर निघाला आणि बाराव्या दिवशी सेप्सिस, म्हणजे रक्तातून अंगभर पसरलेलं इन्फेक्शन. घरात कुणीतरी म्हणालं, "तू रोज हात लावायचीस ना, त्यातूनच झालं." तेव्हापासून तुम्ही काचेबाहेर उभं राहून बघता आणि परत येता. मी बावीस वर्षं एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, सिस्टर होते. बाकी सगळं नंतर, आधी एवढंच सांगते, हात लावणं सोडू नका.

पहिल्या ७२ तासांत दिसणारं इन्फेक्शन बहुतेकदा आईकडून, प्रसूतीच्या वेळी आलेलं असतं. बाराव्या दिवसाचं सहसा वॉर्डातलं असतं. हे आम्हालाही बोलायला जड जातं, पण ते मान्य केल्याशिवाय थांबवताही येत नाही.

आईच्या अँटिबॉडी, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, वारेतून बाळाकडे जातात त्या मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. इतक्या लवकर आलेल्या बाळाला ती शिदोरी अर्धवटच मिळते. त्वचाही अजून तयार झालेली नसते. चिकटपट्टी घाईने ओढली तर वरचा पापुद्रा तिच्यासोबत निघतो. नव्या मुलींना मी आधी हेच शिकवायचे, पट्टी ओल्या कापसाने भिजवायची आणि एका कडेने हळूहळू सोडवायची. तेवढी सोललेली जागाही जंतूला पुरते.

आणि अशा बाळाला जगवायला आम्हाला त्याच्या शरीरात वाटा कराव्या लागतात. नाळेतून घातलेली लाईन, म्हणजे बारीक नळी, हातापायाच्या शिरेतून थेट हृदयाजवळ जाणारी पिक लाईन, श्वासाची नळी. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हा जंतू आपल्या सगळ्यांच्या कातडीवर गुपचूप राहतो, पण प्लॅस्टिकच्या नळीवर तो चिकट थर धरतो आणि त्या थरात औषध नीट पोचत नाही. म्हणून अँटिबायोटिक चालू असतानाही डॉक्टर कधी कधी लाईनच काढून टाकतात. क्लेबसिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर हे जास्त वाईट. सिंक, ओलसर उपकरणं, हात, कुठेही टिकतात आणि बऱ्याच औषधांना दाद देत नाहीत.

लाईनमधून औषध देण्याआधी तिचं तोंड अल्कोहोलच्या स्वॅबने घासायचं असतं, निदान १५ सेकंद, आणि ते वाळू द्यायचं. मी मनात आकडे मोजायचे. रात्री तीन वाजता शेजारचा मॉनिटर वाजत असताना हे १५ सेकंद संपता संपत नाहीत. एका सिस्टरकडे बाळं जास्त झाली की पहिली काट बसते ती यालाच. एका युनिटमध्ये आम्ही दोघींनी एका रात्रीत चौदा बाळं सांभाळली. त्याच आठवड्यात तीन बाळांच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, एकच जंतू आला. तीन पेट्यांमधून तो आपल्या पायांनी गेला नव्हता, आमच्याच हातांवरून गेला होता. ते मला अजून विसरता आलेलं नाही.

आता तुमच्या हातांबद्दल. नीट धुतलेला आईचा हात आणि आईचं दूध हे इलाजातच मोडतात. दुधात आयजीए नावाची अँटिबॉडी आणि लॅक्टोफेरिन हे प्रथिन असतं, ते जंतूंना आतड्याच्या भिंतीला चिकटू देत नाही. छातीशी धरलेल्या बाळाच्या अंगावर वॉर्डातल्या जंतूंऐवजी आईचे जंतू वस्ती करतात. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने पाच देशांत झालेल्या अभ्यासात, १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्यापासूनच कांगारू पद्धतीने आईच्या कुशीत ठेवलं तेव्हा २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. तुमचं बाळ सध्या आजारी आहे, त्यामुळे कुशीत कधी घ्यायचं ते डॉक्टर ठरवतील. पण डोक्यावर आणि पावलांवर हलका हात ठेवू का, हे आजच विचारा. दूध काढणं चालू ठेवा, पंपाचे भाग दर वेळी धुऊन निर्जंतुक करा.

जाताना अंगठ्या, बांगड्या, घड्याळ बाहेर, बाह्या कोपराच्या वर. साबणाने ४० ते ६० सेकंद, बोटांच्या बेचक्या आणि अंगठे विसरू नका. मोबाईल बाहेरच ठेवा. सर्दी, जुलाब किंवा हातावर फोड असेल तर लपवू नका, आधी सिस्टरला सांगा.

दुसरं म्हणजे बाळाकडे बघत राहा. इतक्या लहान बाळाला ताप येईलच असं नाही, उलट अंग गार पडतं. श्वास मध्येच थांबतो, दूध पोटात तसंच राहतं, कातडीवर जाळीदार डाग दिसतात. कितीतरी वेळा आईच म्हणायची, "आज हा वेगळाच दिसतोय," आणि सीआरपी, म्हणजे इन्फेक्शनमध्ये वाढणारा रक्तातला घटक, तेव्हा नॉर्मल यायचा. तो चढायलाच सहा ते बारा तास लागतात. तेव्हा रिपोर्ट चांगला आहे म्हणून गप्प बसू नका.

राऊंडला दोन गोष्टी रोज विचारा. आज ही लाईन खरंच लागणार आहे का? आणि कल्चरमध्ये काय आलं, अँटिबायोटिक किती दिवस? कल्चरमध्ये काहीच उगवलं नाही आणि बाळ बरं असेल, तर अनेक ठिकाणी ३६ ते ४८ तासांत औषध थांबवतात. विनाकारण लांबवलं तर बुरशीचं इन्फेक्शन आणि आतड्याचे गंभीर त्रास वाढतात. तुमच्या बाळाच्या कल्चरमध्ये जंतू सापडला असेल, तर मात्र कोर्स पूर्ण व्हायलाच हवा.

कुणी हात न धुता पेटीत हात घालताना दिसलं तर तिथल्या तिथे बोला, मग ते मोठे डॉक्टर असोत. मला एका आईने असं थांबवलं होतं. मी वॉर्डातला फोन घेऊन परत आले होते आणि तशीच पेटीची खिडकी उघडत होते. ती घाबरत घाबरत म्हणाली, "सिस्टर, हात." मी सिंककडे गेले, आणि बाळाचं काम उरकल्यावर तिच्याजवळ जाऊन म्हटलं, उद्याही सांग.