इनडोअर लोकेशन (इमारतीच्या आत माणूस किंवा वस्तू कुठे आहे ते शोधणं) सुरू करताय? आधी हे बघा

पहिलं म्हणजे अॅक्युरसी किती हवी ते ठरवा, हार्डवेअर नंतर. माणूस कुठल्या खोलीत आहे एवढंच कळायला हवं असेल तर ब्लूटूथ बीकन (सतत सिग्नल सोडणारी छोटी उपकरणं) पुरतात, पण ट्रॉली नेमकी कुठल्या रॅकसमोर उभी आहे ते हवं असेल तर यूडब्ल्यूबीच (अल्ट्रा-वाइडबँड, सिग्नलच्या वेळेवरून अंतर मोजणारा रेडिओ) घ्या, नीट बसवलं तर १० ते ३० सेंटिमीटरपर्यंत जातं.

सगळे नवीन लोक सिग्नलच्या ताकदीवरून अंतर काढायला जातात, फॉर्म्युला सोपा दिसतो ना! पण भिंती, लोखंडी कपाटं, आणि मुख्य म्हणजे माणसाचं शरीर, हे सगळं सिग्नल बिघडवतं. ब्लूटूथचा २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल पाण्यात शोषला जातो आणि आपण बहुतांशी पाणीच, त्यामुळे टॅग (ज्याला शोधायचं त्याच्याजवळचं छोटं उपकरण) गळ्यात असताना माणूस नुसता वळला तरी आकडा कुठल्या कुठे जातो. टॅग एका जागी ठेवून रीडिंग घ्या म्हणजे दिसेलच.

सिग्नल पोचायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढणं जास्त भरवशाचं, फक्त १ नॅनोसेकंद चुकला की ३० सेंटिमीटर गेले, म्हणून सुरुवातीला टू-वे रेंजिंगच (सिग्नल पाठवून उत्तर परत यायला लागलेला वेळ मोजणं) करा, घड्याळं सिंक करायची कटकट वाचते.

अँकर (ठरलेल्या जागी बसवलेली उपकरणं, ज्यांच्यापासून टॅगचं अंतर मोजतात) सपाट जागेत किमान ३ लागतात, मी म्हणेन ४ लावा, आणि प्लीज एका सरळ रेषेत नको, टॅग रेषेच्या अलीकडे की पलीकडे ते कळतच नाही. काल्मन फिल्टर (रीडिंगमधले चढउतार गाळणारं गणित) वगैरे नंतर बघू, अँकरच चुकीच्या जागी असेल तर फिल्टर काय करणार.

आणि हो, माणसं ट्रॅक करणार असाल तर त्यांना आधी विचारा.